कोपऱ्यावरचं बंदर

सोमवार, ३ तारीख

आजपासून भाऊंच्या टेबलावर मी बसायचं, असं सरांनी सकाळी सगळ्यांदेखत सांगितलं. मी ‘हो सर’ म्हणालो, पण मनातून नको वाटत होतं. टेबलाचा काही दोष नाही. खिडकीशी आहे, खण नीट उघडतात, माझ्या जुन्या टेबलासारखा एक पाय आखूड नाही. पण भाऊ जाऊन चार-पाच महिने झाले असतील-नसतील, आणि त्यांची टोपी अजून शेजारच्या खुंटीवर आहे. ती काढायची कुणाची छाती होत नाही. मावशी मात्र रोज तिच्यावरची धूळ झटकतात.

आमची प्रयोगशाळा पाण्याची. लोक विहिरीचं, टाकीचं, नळाचं पाणी बाटलीत घालून आणतात आणि ते प्यायचं की नाही ते आम्ही सांगतो. वर सर. आतल्या बंद खोलीत ताई, म्हणजे जिवाणूंचं सगळं त्यांच्याकडे. बाहेर क्षार, क्लोरीन, गढूळपणा वगैरे माझ्याकडे. दारात चिमणी, तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच आठवतं. दिवसभर चिवचिव चालू असते. गाडीवर काका, बाटल्या धुवायला मावशी. आणि भाऊ होते. गावोगाव जाऊन नमुने आणायचे. एका दुपारी परत येताना गाडीतच गेले. मांडीवर बर्फाची पेटी होती. काकांना वाटलं, डुलकी लागली असेल. दारात गाडी उभी करून ते म्हणाले, “भाऊ, उतरा,” आणि मग खांद्याला हात लावला.

टेबलाबरोबर त्यांची कामंही माझ्या गळ्यात आली. नमुन्यांची नोंद, फोन आणि वर्षाची सहल. सहलीचं बिचाऱ्यांनी ठरवत आणलं होतं. भिंतीवर किनारपट्टीचा हा मोठा नकाशा लावला होता, प्रत्येकाला एका रंगाची टाचणी दिली होती. ज्याला जिथे जायचंय तिथे त्याने टोचायची. त्यांची स्वतःची पांढरी. ती अजून तिथेच आहे, किनारा जिथे कोपरासारखा वळतो त्या टोकावरच्या एका बारक्या बंदरावर.

संध्याकाळी कुलूप लावतच होतो तर फोन वाजला. परत आत जायचा कंटाळा आला म्हणून थांबलो. निरोप घेणाऱ्या यंत्राने उचलला आणि अंधाऱ्या खोलीत भाऊ बोलायला लागले. “नमस्कार. आत्ता इथे कुणी नाही. बाटली स्वच्छ धुऊन, तोंडाला हात न लावता आणा. उद्या या, आम्ही आहोत.”

‘उद्या या, आम्ही आहोत.’ जिना कसा उतरलो मला माहीत नाही.

गुरुवार, ६ तारीख

जेवणाच्या सुट्टीत सहलीचा विषय काढला. काढला नसता तर बरं झालं असतं.

चिमणीला लांबलचक वाळूचा किनारा हवा. पाण्यावर उडणाऱ्या फटफट्या हव्यात. तिने फोनवर फोटो दाखवले. “दादा, हे बघा ना, पाणी कसलं निळं!”

“निळं आहे म्हणून स्वच्छ असेलच असं नाही,” सर म्हणाले. आमच्याकडे पाण्याबद्दल काही बोलायची सोय नाही. सरांना किल्ला हवा. समुद्रातला, बुरुजांचा, तोफांचा. शिवाय जुन्या जकात-कचेरीतलं संग्रहालय. “नुसतं वाळूत लोळायला लहान आहोत का आपण?”

काकांचं म्हणणं, किल्ले काय, वाळू काय, सगळीकडे सारखीच. तिथली माणसं कशी जगतात ते बघायला हवं. होड्या बांधतात, जाळी विणतात. “आणि मासे ताजे मिळायला हवेत,” असं शेवटी म्हणाले. हा खरा मुद्दा.

मावशींनी विचारलं, “पायऱ्या किती असतील?” त्यांचे गुडघे दुखतात.

मी ताईंकडे पाहिलं. त्या सहलीला कधीच येत नाहीत, तरी विचारायला हवं. त्या डबा बंद करत होत्या. म्हणाल्या, “त्यांनी ठरवलं होतं ना एकदा. परत कशाला?” आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

चिमणी हळूच म्हणाली, “बघा, नुसतं ‘त्यांनी’. भाऊ म्हणायलासुद्धा जड जातं यांना.”

खरं आहे. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. सरसुद्धा. एकट्या ताईंनी कधी म्हटल्याचं आठवत नाही. काही माणसांना कुणाशी जवळीक करायला आवडत नाही, त्याला काय करणार.

सोमवार, १० तारीख

आज सकाळी फोनवरचा लाल दिवा लुकलुकत होता. रविवारी कुणीतरी निरोप ठेवलेला. बटण दाबलं. कुणी बोललंच नाही. नुसता श्वास. मागे कुठेतरी नळ ठिबकत होता. मग खट्.

पुढचा निरोप, तसाच. त्याच्या पुढचाही तसाच. माणूस फोन करतो, भाऊंचं बोलणं पूर्ण ऐकतो, काही न बोलता ठेवतो, परत फोन करतो.

चिमणीला ऐकवलं. तिचा चेहरा पांढराफटक. “दादा, हे भाऊच आहेत. स्वतःचा आवाज ऐकायला फोन करतात.”

“गप गं,” म्हणालो. पण दिवसभर फोन वाजला की मी दचकत होतो. शेवटी एका बाईंच्या विहिरीचा निकाल मी त्यांना दोनदा चुकीचा सांगितला.

बुधवार, १२ तारीख

नकाशावर पिवळी, लाल, हिरवी टाचणी आपापल्या जागी आहे. एकमत होणार नाही हे उघड आहे. मी काल संध्याकाळी पांढरी काढून खणात टाकली. गेलेल्या माणसाचं मत कसं धरायचं? वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

आज सकाळी आलो तर पांढरी टाचणी परत बंदरावर.

मावशींना विचारलं. त्यांनी हात जोडले, “मी नकाशाला हात लावत नाही. मला त्यातलं काय कळतं?” काका गाडीवर होते. सर उशिरा येतात. ताईंना विचारायची सोय नाही. मी ती परत काढली, या वेळी पाकिटात ठेवली, घरी आणली. बायको म्हणाली, “हे काय आणलंस?” म्हटलं, “काही नाही, ऑफिसचं.” ती रुग्णालयात परिचारिका आहे, तिच्यापुढे भुताखेतांचा विषय काढला की ती मला ताप आलाय का ते बघते.

शुक्रवार, १४ तारीख

काल सकाळी नकाशावर दुसरीच पांढरी टाचणी होती. त्याच जागी, त्याच भोकात.

म्हणून आज मुद्दाम लवकर गेलो. दार उघडं होतं. नकाशासमोर ताई उभ्या होत्या, चपला काढून, एक हात किनाऱ्यावर ठेवून. माझी चाहूल लागली तशी त्यांनी हात घेतला.

“टाचणी सैल झाली होती,” त्या म्हणाल्या. चपला घातल्या आणि आत गेल्या.

जीव भांड्यात पडला. म्हणजे भूत वगैरे काही नाही, ताई आहेत! मग राग आला. बाई सहलीला येणार नाहीत, पण ठरवणार त्याच. स्वतःची टाचणी टोचायची सोडून गेलेल्या माणसाच्या नावाने मत टाकायचं! चांगलीच युक्ती.

आणि या बाईंना भाऊंचं प्रेम कधीपासून आलं? भाऊ गेले त्या दुपारी आम्ही सगळे दारात रडत उभे होतो. काका कुणाला आवरत नव्हते. ताई बाहेर आल्या, पाहिलं, आणि भाऊंच्या मांडीवरची बर्फाची पेटी उचलून आत घेऊन गेल्या. डॉक्टर येऊन गेले तरी बाहेर आल्या नाहीत. शेवटी मी काचेतून डोकावलो. त्या भाऊंनी आणलेल्या बाटल्या एकेक उघडून त्यातलं पाणी जिवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेटांवर लावत होत्या. हात जराही हलत नव्हता. नमुने थांबत नाहीत हे मलाही माहीत आहे, उशीर झाला की फेकून द्यावे लागतात. पण तरी. दुसऱ्या दिवशी भाऊंची मुलगी परदेशातून आली, शेवटच्या निरोपाला आम्ही सगळे गेलो. ताई नाही आल्या. प्लेटांवर वाढलेले जिवाणू मोजायचे होते म्हणे.

त्या दिवसापासून मला त्यांची भीतीच वाटते.

सोमवार, १७ तारीख

लाल दिवा. काल परत. श्वास, नळ, खट्. एकदा तर खट् व्हायच्या आधी कुणीतरी अगदी हळू काहीतरी म्हणालं. मी तीनदा ऐकलं. ‘बरं’ असावं. भाऊ म्हणतात ‘उद्या या, आम्ही आहोत’, आणि पलीकडून ‘बरं’.

बस झालं. दुपारी कुणी नसताना मी भाऊंचं बोलणं पुसलं आणि माझं भरलं. “नमस्कार, पाणी तपासणी प्रयोगशाळा. सध्या कार्यालय बंद आहे. कृपया कामकाजाच्या वेळेत संपर्क साधा.” चार वेळा भरावं लागलं. चिमणीने टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, “हे कधीच करायला हवं होतं.” मग खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर इतकं हलकं वाटलं की दोनदा भात घेतला.

मंगळवार, २५ तारीख

आठवडाभर लिहिलं नाही. काही घडलं नाही म्हणून नव्हे; ऑफिसात सगळं विचित्रच चाललंय.

रविवारी एकच फोन. श्वास नाही, काही नाही. माझं बोलणं संपायच्याही आधी ठेवला. आणि काल सोमवारी ताई आल्या नाहीत. मी इथे लागल्यापासून ताई आल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. सरांनी फोन केला, त्यांनी उचलला नाही. आलेले नमुने परत पाठवावे लागले.

आज आल्या. डोळे सुजलेले, म्हणाल्या सर्दी आहे. दुपारी एक प्लेट त्यांच्या हातून निसटली. काच फुटल्याचा आवाज ऐकून आम्ही सगळे उभे राहिलो, कारण त्या खोलीतून तसा आवाज कधी येत नाही. मावशी झाडू घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. मी विचारलं, “काय झालं?” तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच प्लेट फोडलीय.

रात्रीचं जेवण करताना बायकोला सगळं सांगितलं. टाचणी, फोन, बर्फाची पेटी. ती जेवायची थांबली.

“तुम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचात?”

“सगळे.”

“आणि ती?”

“ती नुसतं ‘ते’. ‘त्यांनी’. घमेंड असते एकेकाला.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तुला खरंच कळत नाही का रे? सगळ्यांचा भाऊ. मग तिचा का नाही?”

मी म्हटलं, तुला सगळीकडे सिनेमा दिसतो. ताई पन्नाशीला आल्या. भाऊ विधुर, मुलीचं लग्न झालेलं. त्यांच्या डोक्यात असलं काही असतं का? ती म्हणाली, “रुग्णालयाच्या बाकावर रोज माणसं बसलेली बघते मी. आतल्या माणसाचे ते कोण, ते विचारावं लागत नाही.” मग म्हणाली, “आणि त्या यंत्रावर आता कुणाचा आवाज आहे म्हणालास?”

मी सांगितलं. तिने पानावरून उठून हात धुतले आणि ती सरळ झोपायला गेली. असेल तिला कामाचा थकवा.

बुधवार, २६ तारीख

सहल ठरली. शुक्रवारीच निघायचं, कारण सरांना पुढे सवड नाही. कोपऱ्यावरच्या बंदराला! कशी गंमत बघा. सरांनी चौकशी केली तर तिथे ओहोटीला चालत जाता येईल असा किल्ला आहे. चिमणीने फोटो शोधला तर वाळूही आहे. काकांचा कुणी ओळखीचा म्हणाला की होड्यांचा कारखाना गावातच आहे. मावशींना त्रास होईल एवढ्या पायऱ्या नाहीत. भाऊंनी सगळ्यांचं बघून ठेवलं होतं, आम्हीच महिनाभर भांडत बसलो.

“म्हणजे भाऊंचंच मत चाललं,” काका म्हणाले, आणि डोळे पुसले.

ताई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “मी येणार आहे.” चिमणीचा चक्क आवाज गेला.

कुटुंबाला आणायची परवानगी आहे. बायकोने स्वतःहून रजा काढली. एरवी तिला गाडी लागते म्हणून ती कुठे येत नाही.

शुक्रवार, २८ तारीख

हे बंदराच्या गावातून लिहितोय. समुद्र खिडकीखाली आहे आणि सारखा कुणाला तरी दम लागल्यासारखा आवाज करतोय. धुकं इतकं की दुपारीच दिवे लावले होते.

गाव छोटं आहे. एकच रस्ता, त्याच्या एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला ओढून ठेवलेल्या होड्या. अर्धवट बांधलेल्या होड्यांच्या फासळ्या धुक्यात दिसतात तेव्हा मोठी जनावरं मरून पडल्यासारखं वाटतं. आमचं राहायचं घर रस्त्याच्या टोकाला, भाऊंनी पूर्वी चौकशी केली होती तेच. मी फोनवर भाऊंचं नाव न सांगता खोल्या घेतल्या होत्या.

आम्ही सामान घेऊन व्हरांड्यात चढलो. मालकीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. सगळ्यांकडे बघून हसल्या आणि मग त्यांची नजर ताईंवर गेली.

“अगंबाई! या या! म्हटलं होतं ना, परत याल म्हणून.” त्यांनी ताईंचे दोन्ही हात धरले. मग आमच्या मागे, गाडीकडे बघत म्हणाल्या, “आणि हे काय? साहेब नाही आले?”

काकांच्या हातात पेटी होती, ती तशीच अधांतरी.

“ते गेले,” ताई म्हणाल्या.

“कुठे? कामाला?”

“नाही.” ताईंनी मान हलवली. “गेले.”

मालकीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. “पण तुम्ही तर म्हणाला होतात, पुढच्या खेपेला ऑफिसच्या सगळ्यांना घेऊन येऊ. सगळ्यांना इथेच सांगू. साहेब म्हणाले होते, सगळे दमून बसले की सांगायचं, म्हणजे कुणी उठून पळणार नाही.”

भाऊच. शब्द न् शब्द भाऊंचा. मला त्यांचा आवाज ऐकू आला, खोटं सांगत नाही, धुक्यातून स्पष्ट ऐकू आला.

मी खाली बघत होतो. चिमणी रडायला लागली होती. सर, ज्यांनी आयुष्यात कुणाचं सामान उचललं नसेल, पुढे आले आणि ताईंची बॅग उचलली. मावशींनी ताईंच्या पाठीवर हात ठेवला. “चल गं,” म्हणाल्या. आजवर त्यांनी ताईंना कधी ‘अगं’ केलं नव्हतं. “चल आत. पाय धू.”

समुद्राकडची खोली ताईंना दिली. मालकीणबाई म्हणाल्या, ती त्यांचीच आहे.

मी बायकोकडे बघू शकलो नाही. यंत्रावरचा तो आवाज मी पुसला. जगात तेवढाच होता.

शनिवार, २९ तारीख

सकाळी ओहोटी होती. किल्ल्यापर्यंत दगडांची वाट उघडी पडली होती. वाट दाखवणारा म्हातारा म्हणाला, खालच्या पायरीला पाणी लागलं की निघायचं, उगाच रेंगाळायचं नाही, पाणी बघता बघता कमरेला येतं.

काल ते सगळं होऊनही दिवस चांगला गेला, म्हणजे सगळ्यांनी तो चांगला जावा म्हणून धडपड केली. सर तोफांजवळ उभे राहून इतिहास सांगत होते आणि दर वाक्याला ताईंकडे बघत होते. काकांनी शंख गोळा केले. चिमणी ताईंच्या शेजारी शेजारी चालत होती आणि बोलत नव्हती. ताई सगळ्यांना ‘हो’, ‘छान’ म्हणत होत्या. धुकं विरळ होत होतं, परत दाटत होतं.

म्हाताऱ्याने हाक मारली, आम्ही परत निघालो. वाटेच्या मध्यावर आल्यावर बायकोने माझी बाही ओढली. “ताई कुठे आहेत?”

मी मागे पाहिलं. किल्ला धुक्यात नुसता काळा डाग होता. म्हटलं, येतील मागून. ती तोवर धावायलाच लागली होती. मी तिच्या मागे. घोट्याएवढं पाणी वाटेवर आलं होतं आणि इतकं गार की हाडं दुखायला लागली.

ताई खालच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. पाणी त्यांच्या पायांवरून जात होतं. आणि त्या बोलत होत्या.

हे मी उगाच रंगवून लिहीत नाही. त्या बोलायच्या, थांबायच्या, मान हलवायच्या, मग परत बोलायच्या. थांबायच्या त्या वेळात समोरचं माणूस पूर्ण वाक्य बोलून संपवेल एवढी जागा असायची. एकदा हसल्या. त्यांच्या उजव्या हाताला पायरीवर जागा होती आणि त्या अंग चोरून बसल्या होत्या, एखाद्याला बसायला जागा केल्यासारख्या.

“ताई!” मी ओरडलो. त्यांनी वळून न पाहता हात वर केला. फोनवर बोलताना कुणी मध्ये आलं की आपण ‘थांब जरा’ म्हणून करतो तसा.

बायकोने हाक मारली नाही. ती पाण्यातून सरळ गेली आणि पायरीवर, त्या रिकाम्या जागेच्या पलीकडे बसली. तिचे कपडे भिजले. ती म्हणाली, “झालं की सांगा. मला घाई नाही.”

पाणी आणखी एक पायरी चढलं. माझे दात वाजत होते. बऱ्याच वेळाने ताई म्हणाल्या, “झालं.” आणि उठल्या.

परत येताना गुडघ्याच्या वर पाणी होतं. हिने ताईंचा हात धरला तो जेवणापर्यंत सोडला नाही. मला वाटतं ताईंना निसरड्याची भीती वाटत असावी, किंवा वेळेचं भान राहिलं नसेल. मी तसं बोलून दाखवलं तर ही म्हणाली, “हो, तसंच असेल,” आणि खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडली.

संध्याकाळी ताई वाळूवर एकट्या भेटल्या. त्याच म्हणाल्या, “फोनवर तुमचा आवाज ऐकला.”

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

“कधीतरी कुणीतरी पुसणारच होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फार घाईत बोलता. लोक घाबरलेले असतात हो, पाण्याला वास येत असतो म्हणून फोन करतात. जरा सावकाश बोला.”

“ताई, मला माहीत नव्हतं.”

“कुणालाच माहीत नव्हतं. आम्हीच सांगणार होतो.” त्या समुद्राकडे बघत होत्या. “ते म्हणायचे, या वयात लोक हसतील. मी म्हणायचे, हसू देत.”

रविवार, ३० तारीख

सकाळी धुकं नव्हतं. समुद्र लख्ख, सगळं गाव धुऊन ठेवल्यासारखं. काका सामान चढवत होते. सगळ्यांच्या बॅगा आल्या, ताईंची नाही.

त्या रिकाम्या हातांनी बाहेर आल्या आणि सरांसमोर उभ्या राहिल्या.

“सर, घरातलं माणूस गेलं की आपल्याकडे रजा देतात ना?”

सर गडबडले. “देतात की.”

“माझी राहिलीय.”

काकांनी गाडीचं दार लावता लावता धरून ठेवलं. आवाज होऊ नये म्हणून असेल. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “घ्या,” म्हणाले. “हवी तेवढी घ्या.”

“हवी तेवढी नको. नियमाप्रमाणे.”

“नियमाप्रमाणे,” सर म्हणाले. मग जरा थांबून, “जवळच्या नात्याला जास्त असते. ती घ्या.”

ताईंनी मान हलवली. या चार-पाच महिन्यांत मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं. हात हलत होते, खांदे हलत होते, सगळं हलत होतं. चिमणीने त्यांना मिठी मारली, मावशींनी दोघींना, आणि थोडा वेळ आम्ही सगळे रस्त्यात तसेच उभे होतो. होड्या बांधणारे लोक काम थांबवून बघत होते, कुणी हसलं नाही.

“उद्याचे नमुने?” ताईंनी नाक पुसत विचारलं.

“मी लावतो प्लेटा,” मी म्हणालो.

“बर्नरची ज्योत फार मोठी ठेवू नका. आणि धांदल करू नका.”

बायकोने मालकीणबाईंना बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. भरतीच्या वेळा विचारत असावी. मालकीणबाई सारख्या मान डोलवत होत्या, म्हणाल्या, “माझी खोली शेजारीच आहे, काळजी करू नका.” शिवाय आमचा फोन नंबर घेतला.

गाडी वळवायला जागा कमी होती, काकांना मागे-पुढे करावं लागलं. त्यामुळे व्हरांडा बराच वेळ समोर राहिला. ताई खुर्चीवर बसल्या होत्या. मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. सवयीने असेल, दोन कप होते. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण एक कप उचलायला त्यांनी हात पुढे केला. ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मालकीणबाई तो कप तसाच ठेवून आत गेल्या.

काकांनी गाडी सरळ केली. मी मागच्या काचेतून बघत राहिलो. ताईंनी दुसरा कप शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे थोडा सरकवला, आणि काहीतरी विचारलं.